पहिल्यांदा कोलकात्याला जाताय? आधी संध्याकाळ ठरवा

कोलकाता म्हटलं की बहुतेक जण हावडा ब्रिज, व्हिक्टोरिया, कालीघाट आणि रसगुल्ला अशी यादी करतात, दीड दिवसात ती उरकतात आणि दार्जिलिंगच्या गाडीत बसतात. त्यांना या लेखाचा उपयोग नाही. ज्यांना नाटक, गाणं, सिनेमा, जुनी पुस्तकं, जुने वाडे यांत रस आहे, खिशात बेताचे पैसे आहेत आणि एकच शहर चार-पाच दिवस पायी हिंडायची तयारी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

या शहरात बघण्या-ऐकण्याला फार पैसे पडत नाहीत. पैसे जातात राहण्यात, टॅक्सीत आणि भलत्या वारी भलत्या दाराशी जाऊन उभं राहण्यात. म्हणून आखणीचा क्रम उलटा ठेवा: आधी वार, मग संध्याकाळी, मग दिवसा काय बघायचं ते, आणि हॉटेल सगळ्यांत शेवटी.

१. महिना आणि वार

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाकीचे महिने जाऊ नका असं नाही, पण एप्रिल-मेमध्ये तिथला घाम मुंबईच्या घामालाही लाजवतो, आणि पायी हिंडायच्या सहलीत तो परवडत नाही. हिवाळ्यात कार्यक्रमही भरपूर. डिसेंबरात नांदीकार या नाट्यसंस्थेचा राष्ट्रीय नाट्यमहोत्सव असतो. जानेवारीच्या उत्तरार्धात डोव्हर लेन संगीत परिषद, म्हणजे रात्रभर चालणारी शास्त्रीय संगीताची मैफल, जी १९५२ पासून सुरू आहे. आपल्या सवाईला जाणाऱ्यांनी एकदा तरी ही रात्र जागवावीच. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी या सुमारास सॉल्ट लेकमध्ये पुस्तक मेळा भरतो, त्याला प्रवेश फुकट.

दुर्गापूजा हा वेगळा विषय आहे. मंडप बघायला पैसे लागत नाहीत, पण खोल्यांचे भाव चढलेले असतात, रात्री रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि नाटकं-पुस्तकं यांचा रोजचा व्यवहार त्या दिवसांत थांबलेला असतो. पूजा बघायची तर पूजाच बघायला जा. दोन्ही एकाच फेरीत कोंबू नका.

आता वार. सोमवारी इंडियन म्युझियम, व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं, जोडासाँको ठाकुरबाडी (रवींद्रनाथांचं घर), नेताजी भवन, सगळं बंद. मार्बल पॅलेस हा जुना वाडा सोमवारी आणि गुरुवारी बंद. रविवारी कॉलेज स्ट्रीटच्या बहुतेक पुस्तकदुकानांना टाळं. नाटकं मात्र शनिवार-रविवारी जास्त. त्यामुळे मंगळवारी पोचून रविवारी रात्री किंवा सोमवारी निघणं सगळ्यांत फायद्याचं.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. डिसेंबरात तिथे पाचच्या आधीच सूर्य मावळतो. आपण चारला चहा पिऊन 'आता निघू' म्हणतो, तोवर तिथला दिवस संपत आलेला असतो. सकाळी लवकर बाहेर पडा. पाचनंतरचा वेळ नाटकासाठीच आहे असं समजा.

२. गाडी

मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेस सकाळी सहाच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोचते. भुसावळ, अकोला, नागपूर असा मार्ग. नागपूरकरांना तर एका रात्रीचा प्रवास आहे. पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस आहे, पण ती हावड्याला उजाडायच्या आधीच नेऊन सोडते. त्याचा उपयोग कसा करायचा ते पाचव्या मुद्द्यात सांगतो. स्लीपरला साधारण आठशे, थर्ड एसीला दोन हजारांच्या आसपास धरा.

रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा. तत्काळच्या भरवशावर राहायचं असेल तर आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं आहे ना ते घरीच तपासा. सकाळी दहाच्या ठोक्याला ओटीपीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

स्टेशनांच्या नावांत गोंधळ होतो तो टाळा. तुम्हाला हवंय 'हावडा'. 'कोलकाता' नावाचं स्टेशन वेगळं आहे, चितपूरला. कुर्ल्याच्या एलटीटीहून सुटणाऱ्या काही गाड्या 'शालिमार'ला जातात. ते स्टेशन हावड्याच्या बाजूलाच आहे, पण तिथून शहरात यायला टॅक्सीशिवाय फारसा सोयीचा मार्ग नाही. तिकिटात वाचवलेले पैसे तिथेच जातात.

३. राहायचं कुठे

पाट्यांवर आणि जाहिरातीत सगळेच 'सेंट्रल लोकेशन' लिहितात, तिकडे लक्ष देऊ नका. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या मेट्रोच्या, म्हणजे ब्लू लाइनच्या, कुठल्या स्टेशनपासून हॉटेल दहा मिनिटांत चालत येतं एवढं एकच बघा. पार्क स्ट्रीट, एस्प्लनेड, रवींद्र सदन, कालीघाट यांपैकी काहीही चालेल.

सडर स्ट्रीट आणि न्यू मार्केटचा परिसर स्वस्त लॉजसाठी पूर्वापार प्रसिद्ध. जागा सोयीची, पण खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. खिडकी उघडते का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, चेकआउट बारा वाजताचा की चोवीस तासांचा, हे तोंडावर विचारा. तिथे दलाल मागे लागतात. त्यांच्याबरोबर गेलात की त्यांचं कमिशन तुमच्या भाड्यात चढतं. दक्षिणेकडे भवानीपूर-हाजरा भाग जास्त शांत, घरगुती. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, कोलकात्यातल्या मराठी मंडळींची जुनी वास्तू. तिथे उतरायची सोय होईल का ते निघण्याआधी फोन करून विचारा. नाही झाली तरी, कधी गणपतीच्या दिवसांत शहरात असलात तर, तिथे जाऊन आल्याशिवाय राहू नका. एकटे असाल तर हावडा स्टेशनची रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी पीएनआर दाखवून मिळते. पहिल्या किंवा शेवटच्या रात्रीपुरती ती पुष्कळ झाली.

४. बरोबर काय घ्यायचं

- मूळ आधार कार्ड आणि त्याच्या दोन-तीन झेरॉक्स. मोबाइलमधला फोटो सगळ्या लॉजना चालत नाही.
- विद्यार्थी असाल तर कॉलेजचं ओळखपत्र. काही ठिकाणी तिकिटात सवलत मिळते.
- मार्बल पॅलेस बघायचा असेल तर परवानगीचं पत्र. तिकीट नाही, पण पर्यटन कार्यालयातून आधी परवानगी काढावी लागते. आत फोटो काढायला बंदी आहे.
- दहा-वीसच्या नोटा आणि नाणी, भरपूर. यूपीआय सगळीकडे आहे, पण ऑटो, बस, फेरी आणि भांडातला, म्हणजे मातीच्या कपातला, चहा यांचा व्यवहार सुट्ट्या पैशांवर चालतो. 'खुचरो नेई?' हा प्रश्न दिवसातून पाचदा तरी ऐकाल.
- क्लोकरूमसाठी बॅगेला कुलूप. बिनकुलपाची बॅग ठेवून घेत नाहीत.
- चालायचे जुने बूट, आणि पुस्तकांसाठी एक रिकामी कापडी पिशवी. ही पिशवी विसरू नका.

५. हावड्यातून शहरात

तीन वाटा आहेत. सोबत जड सामान असेल तर मेट्रो घ्या: हावडा मेट्रो स्टेशनपासून एस्प्लनेडला, हुगळी नदीच्या खालून. नदीखालचा हा मार्ग मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, देशातला पहिलाच. एस्प्लनेडला ब्लू लाइन बदलायला मिळते. फक्त हावड्याचं मेट्रो स्टेशन फार खोल आहे, सरकते जिने संपता संपत नाहीत.

सामान हलकं असेल तर स्टेशनसमोरच्या जेटीवरून फेरी घ्या. थोडक्या रुपयांत हावडा ब्रिज पाण्यावरून दिसतो. पर्यटकांसाठीच्या बोटी याच दृश्याचे कैक पट पैसे घेतात. तिसरी वाट म्हणजे प्रीपेड टॅक्सी, रात्री उशिरा आणि कुटुंब बरोबर असेल तेव्हा. बाहेर 'कुठे जायचं साहेब' म्हणत येणाऱ्यांकडे बघायचंसुद्धा नाही.

आझाद हिंदने पहाटेपूर्वी पोचलात तर घाई करू नका. सामान क्लोकरूममध्ये टाका, चहा घ्या, आणि अंधार ओसरताना पूल चालत ओलांडून पलीकडच्या मल्लिक घाटाच्या फुलबाजारात उतरा. झेंडूच्या माळांची वेटोळी डोक्यावर घेतलेले हमाल अरुंद वाटेने धावत येतात. त्यांना वाट द्या, ते थांबत नाहीत. पूल १९४३ सालचा, सगळा रिव्हेटांवर उभा, नट-बोल्ट नाहीत. खालून वर पाहिलं की हे पटतं.

६. शहरात फिरणं

मेट्रोचं किमान भाडं पाच रुपये. स्मार्ट कार्ड काढून टाका, रांगेचा वेळ वाचतो. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, हे ध्यानात ठेवून आखणी करा.

ऑटोचं तंत्र आपल्यापेक्षा अगदी निराळं आहे. तिथे ऑटो ठरलेल्या मार्गावर शेअरने धावते, मागे तिघं आणि ड्रायव्हरशेजारी एक. भाडं ठरलेलं असतं, घासाघीस नाही. रिकामी ऑटो दिसली म्हणून हात करून पत्ता सांगितलात तर ड्रायव्हर तुमच्याकडे नुसता बघत राहील. 'दादा, राशबिहारी जाबे?' असं मार्गावरच्या ठिकाणाचं नाव घ्या, आणि उतरताना सुटे पैसे हातात तयार ठेवा.

पिवळी टॅक्सी मीटरवर यायला तयार होईलच असं नाही. 'यात्री साथी' हे राज्य सरकारचं ॲप घेऊन ठेवा, त्यात भाडं आधी कळतं. ट्राम १८७३ सालापासूनची, आता शेवटच्या घटका मोजतेय आणि मार्ग मोजकेच उरलेत. चालू असलेली दिसली तर कुठे जाते ते न विचारता बसा.

मोर्चा हा तिथल्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. एस्प्लनेडला मिछिल असला की बसगाड्या तासभर हलत नाहीत. नाटकाला वेळेवर पोचायचं असेल तर रस्त्याच्या वाहनावर विसंबू नका.

७. संध्याकाळ

खरं तर एवढ्यासाठीच जायचं.

रवींद्र सदन मेट्रो स्टेशनातून बाहेर आलात की पाच मिनिटांच्या अंतरात रवींद्र सदन, शिशिर मंच, नंदन आणि ॲकॅडमी ऑफ फाइन आर्ट्स आहेत. एकीकडे नाटक, एकीकडे सिनेमा, एकीकडे चित्रप्रदर्शन, एकीकडे रवींद्रसंगीत. पहिल्या संध्याकाळी काहीही आधी न ठरवता नुसते इथे या. ॲकॅडमीच्या बाहेरचे फलक वाचा, काउंटरवर पुढच्या तीन-चार दिवसांचे प्रयोग विचारा आणि तिथल्या तिथे तिकिटं काढून टाका. बंगाली वाचता येत नसेल तर फलकाचा फोटो काढून शेजारच्या कुणालाही दाखवा. नाटकाबद्दल विचारलं की तिथला माणूस घड्याळ विसरतो. मग तुम्हाला सारांश, दिग्दर्शकाची कारकीर्द आणि मागच्या वर्षीचा प्रयोग कसा जास्त चांगला होता, हे सगळं ऐकावं लागेल.

तिकिटं साधारण शे-दोनशेपासून असतात. बहुतेक प्रयोग संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, सुट्टीच्या दिवशी दुपारीही. पंधरा मिनिटं आधी जा.

इथलं ग्रुप थिएटर म्हणजे आपल्याकडच्या प्रायोगिक रंगभूमीचा मोठा भाऊ. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला येणारी माणसं. शंभू मित्रांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये 'बहुरूपी' उभी राहिली, अजितेश बंद्योपाध्यायांची 'नांदीकार' १९६० मध्ये, आणि ही परंपरा अजून तिकीटबारीवर तग धरून आहे. तेंडुलकरांची नाटकं बंगालीत झाली, बादल सरकारांची मराठीत. त्यामुळे मराठी नाटकवाल्याला इथे परकं वाटत नाही.

भाषेचं काय? संस्कृतोद्भव शब्द ओळखीचे असतात, पण ते 'ओ'कारात बुडलेले. पहिली वीस मिनिटं धडपडाल, मग कान सरावतो. पहिलं नाटक कथानक माहीत असलेलं निवडा: शेक्सपिअरचं रूपांतर, रवींद्रनाथांचं एखादं. विनोदी नाटक टाळा. सगळं सभागृह हसत असताना आपण एकटेच गप्प बसणं फार वाईट.

नाटक मिळालं नाही तर नंदन. १९८५ मध्ये सत्यजित राय यांच्या हस्ते उद्घाटन झालेलं हे सरकारी चित्रपटगृह. तिकीट मल्टिप्लेक्सच्या मानाने फारच स्वस्त, आणि बऱ्याच बंगाली सिनेमांना इंग्रजी सबटायटल्स असतात. पहिल्या आठवड्यातला गाजणारा सिनेमा असेल तर सकाळीच तिकीट काढून ठेवा.

गाण्यासाठी टॉलीगंजच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीचे कार्यक्रम बघून ठेवा. आपले पं. उल्हास कशाळकर तिथे वर्षानुवर्षं गुरू आहेत. गोलपार्कच्या रामकृष्ण मिशन इन्स्टिट्यूट ऑफ कल्चरमध्येही व्याख्यानं आणि गाण्याचे कार्यक्रम होत असतात.

८. दिवसा काय, कुठल्या क्रमाने

मेट्रो स्टेशनप्रमाणे गट करा. एका दिवसात एकच टोक. सकाळी दक्षिणेश्वर, दुपारी व्हिक्टोरिया, संध्याकाळी पुन्हा उत्तरेला कुमारटुली, असा दिवस काढणारे लोक शहर बघत नाहीत, मेट्रो बघतात.

उत्तरेचा दिवस: शोभाबाजार-सुतानुटीला उतरा आणि चालत कुमारटुलीला, मूर्तिकारांच्या वस्तीत, जा. गवताचे सांगाडे, त्यावर नदीची माती, रांगेत वाळणारे बिनरंगाचे हात. पूजा नसली तरी काम चालू असतं. कारागिरांना विचारून मगच फोटो काढा. तिथून नदीकाठाने बागबाजारकडे जाताना मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचं घोडदळ बंगालवर स्वाऱ्या करू लागल्यावर १७४२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या वस्तीभोवती खंदक खणायला घेतला गेला. मराठे कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला, पुढे १७९९ मध्ये बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ही मोहीम पराक्रमाची. तिथे मात्र अजून 'बर्गी', म्हणजे मराठे घोडेस्वार, येतील अशी भीती घालून मुलांना झोपवायचं गाणं म्हणतात. महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर एखादे आजोबा हसून हा शब्द टाकतील. आपणही हसावं, वाद घालू नये.

पुढे गिरीश पार्कला जोडासाँको ठाकुरबाडी. रवींद्रनाथ इथेच १८६१ मध्ये जन्मले आणि १९४१ मध्ये इथेच गेले. इंग्लंडला जाण्याआधी, १८७८ मध्ये, ते मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते आणि त्यांची मुलगी अन्नपूर्णा त्यांना इंग्रजी बोलायला शिकवत असे. हे डोक्यात ठेवून त्या खोल्यांतून फिरा. मार्बल पॅलेस तिथून जवळच आहे.

कॉलेज स्ट्रीट, महात्मा गांधी रोड स्टेशन: सकाळी अकरानंतर जा. फुटपाथवरच्या दुकानात पहिला भाव हा फक्त सुरुवातीचा असतो, पण दुकानदाराला पुस्तकाची किंमत नेमकी माहीत असते. उगाच निम्म्यावर येऊ नका. मग कॉफी हाउस. जुना अल्बर्ट हॉल, उंच छत, डोक्यावर तुरा असलेले वेटर. कॉफी यथातथाच. वेटर लवकर येणार नाही, तुम्हीही लवकर उठू नका. तिथे तीच रीत आहे.

मैदानाचा दिवस: पार्क स्ट्रीट स्टेशनला उतरून इंडियन म्युझियम. स्थापना १८१४, देशातलं सगळ्यांत जुनं. ममीपुढे गर्दी असते, ती तिथेच राहू द्या. तुम्ही भरहुतच्या दालनात जा. स्तूपाचा लालसर दगडी कठडा, इसवी सनापूर्वीचा. त्यावर एक गोल शिल्प आहे: अनाथपिंडक हा व्यापारी बुद्धासाठी जेतवन नावाची बाग विकत घेतोय. सोडलेले बैल बाजूला बसलेत, गाडीतून नाणी उतरवली जातायत आणि दोन माणसं जमिनीवर चौकोनी नाणी फरशीसारखी एकाला एक लावतायत. जेवढी जमीन नाण्यांनी झाकेल तेवढी मिळणार, असा तो सौदा. खाली ब्राह्मीत हे सगळं कोरून ठेवलंय. एवढ्या एका शिल्पापुढे अर्धा तास काढा, तिकीट वसूल होतं.

मग साउथ पार्क स्ट्रीटची १७६७ सालची दफनभूमी, आणि उतरत्या उन्हात व्हिक्टोरिया. आतली दालनं घाईत असाल तर सोडा, बाग पुरे. तिथून ॲकॅडमी चालत गाठता येते, नाटकाची वेळही तोवर झालेली असते.

दक्षिणेश्वर-बेलूर ठेवायचं तर सकाळी. दोन्ही मंदिरं दुपारी बंद असतात. कालीघाटला पंडे 'लवकर दर्शन' म्हणत हात धरतील. नमस्कार करून सरळ रांगेत उभे राहा, आणि संकल्प सोडायला 'बसा' म्हटलं तर बसू नका.

९. पोटाचं बघा

दुपारचं जेवण पाइस हॉटेलात, म्हणजे जुन्या धाटणीच्या स्वस्त बंगाली खाणावळीत. कॉलेज स्ट्रीटजवळ स्वाधीन भारत हिंदू हॉटेल आणि न्यू मार्केटजवळ सिद्धेश्वरी आश्रम, ही दोन नावं पुरेत. केळीच्या पानावर भात, डाळ, भाजी, माशाचं कालवण. प्रत्येक वाटीचे वेगळे पैसे, पान आणि लिंबूसुद्धा हिशेबात. थाळी समजून 'आण, आण' करत गेलात तर बिल बघून घास अडकेल. वाढप्याने घडाघडा म्हटलेली यादी कळली नाही तर शेजाऱ्याच्या पानाकडे बोट दाखवा. एक वाजायच्या आत पोचा, चांगले मासे लवकर संपतात.

शाकाहारी असाल तर पहिला शब्द 'निरामिष'. तेवढ्यावर थांबू नका, 'माछ नेई तो?' असंही विचारा. डाळीत माशाचं डोकं घालायची पद्धत आहे आणि भाजीसारखी दिसणारी चच्चडी माशाची असू शकते. सकाळी कचोरी-तरकारी, लुची-आलूर दम, जेवणात धोकार डालना, शुक्तो, मोचाघंट, यावर शाकाहारी माणूस मजेत राहतो. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी नाकात जातो, तिसऱ्या दिवशी कळतही नाही. बडाबाजारात मारवाडी भोजनालयं आहेतच.

संध्याकाळी फुचका. त्यात रगडा शोधू नका, चिंचेचं पाणी आणि मसाल्याचा बटाटा असतो, आणि पाणीपुरीपेक्षा तो सरस आहे हे मी कुणाला सांगत नाही. रविवारी पहाटे लवकर उठता आलं तर तिरेट्टा बाजारातला चिनी नाश्ता. आठच्या आत जा, नंतर उरलंसुरलं मिळतं.

राहणं सोडून माणशी दिवसाला सात-आठशे रुपयांत, नाटकाच्या तिकिटासकट, हे सगळं बसतं. पुस्तकं त्यात धरलेली नाहीत.

१०. परतताना

गीतांजली हावड्याहून दुपारी सुटते, आझाद हिंद रात्री. म्हणजे शेवटची सकाळ हातात असते, ती मिठाईला द्या. हेदुआजवळ नकुडचं दुकान आहे, १८४४ पासूनचं, फक्त संदेशासाठी ओळखलं जाणारं. हिवाळ्यात नोलेन गुडाचा, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाचा संदेश मागा. मऊ 'नरम पाक' तिथेच खा, तो प्रवासात टिकत नाही. घरी न्यायला 'कडा पाक' सांगा, आणि किती तासांचा प्रवास आहे ते दुकानदाराला आधी सांगा. तो त्याप्रमाणे बांधून देतो. रसगुल्ल्याचा डबा मात्र बॅगेत कपड्यांच्या वर ठेवा, पुस्तकांच्या वर नाही.